राजाचा रकाना

जैतापूर बंदर. शके सतराशे बारा, पौष.
खाडीच्या तोंडाशी टोपीकरांचं जहाज, पण इंग्रज नव्हे.
तीन डोलकाठ्या, त्यातली मधली गुडघ्यात मोडलेली,
दोरखंडांनी आवळून लंगडत आणलेली.
मी बंदराचा कारकून. वही उघडली.
नाव, कप्तान, माल, तोफा
आणि पाचवा रकाना : राजा कोण.

दुभाष्या हसन सोलकर.
मस्कतपासून मलाक्यापर्यंत प्रत्येक धक्क्यावर
तो आधी शिव्या शिकला, मग भाषा.
वर जाऊन आला. पान थुंकला.
"रावजी, राजा नाही."
मेला?
"मेला नाही. ह्यांनी काढून टाकला.
आठ वर्षं लढले म्हणे. सुरुवात चहाच्या जकातीवरून."

जकातीवरून!
तीस वर्षं ह्या धक्क्यावर जकात घेतोय,
माझ्यावर कोणी साधी करवंटी फेकली नाही.

निशाणावर तेरा पट्टे. तेरा सुभ्यांचे, एकेकाचा एकेक.
कारभारी नेमतात तो चार वर्षांसाठी,
चार वर्षांनी पुन्हा विचारतात, हाच हवा का?
"आणि त्याचा मुलगा?"
"मुलाचं काय? मुलानं शेती करावी."
मला पुणं आठवलं. लगेच विसरलो.
धक्क्याला भिंती नव्हत्या, पण सोलकराला कान होते.

पाणी, सागाचं एक सरळ खोड, बारा खंडी मिरी.
दाम रोख, रुप्याचे रियाल.
एक नखानं वाजवला, उलटा करून पाहिला :
जाड मानेचा, केसांत पानं खोवलेला कोणी राजा.
"मग हा कोण?"
"तो स्पेनचा. ह्यांचा नव्हे. उसना आहे."

तिसऱ्या दिवशी त्यांचा आचारी माझ्या परसात आला,
नारळ आणि सुक्या मिरच्या मागायला.
हबशासारखा काळा, भुवयांत मीठ सुकलेलं.
मिरची मोडून हुंगली, काही पुटपुटला.
"म्हणतो, ही त्याच्या आईच्या परसात होती."
मी म्हटलं, सांग त्याला, मिरची राजापूरची.
सोलकरानं नाव विचारलं, हसला,
मग हसायचा थांबला.
"प्रिन्स. म्हणजे राजपुत्र."
बिनराजाच्या मुलखात एक राजपुत्र तरी आहे म्हणायचा.
"पगार किती?"
सोलकरानं जहाजाकडे बोट केलं.
"कप्तानानं घेतलाय. बालतिमोरला. एकशे साठ रियाल."

विहिरीपाशी भागी भांडी घासत होती.
राख, नारळाचं सोडण, मनगटाचा आतला फेरा.
तो बघत राहिला. मग उकिडवा बसला,
एक पातेलं ओढलं आणि घासू लागला :
राख, सोडण, तोच फेरा.
पातेलं बाटलं. ओरडायला हवं होतं.
ओरडलो नाही. ते पुढे गोठ्यात गेलं.
दोघं एकमेकांकडे पाहत नव्हती.

भागी आमची कुणबीण.
घरच्या वहीत आहे, माझ्याच हातची नोंद,
एका म्हशीच्या खाली, तांब्याच्या हंड्याच्या वर :
रुपये पंचेचाळीस, दुष्काळाचं साल.
अक्षर चांगलं आलंय. शाई अजून काळी.

नवव्या दिवशी ओहोटीबरोबर जहाज गेलं,
नवी काठी ओल्या सागाच्या वासाची.
रात्री चुलीतली लाकडं विझवताना भागीनं विचारलं,
"तो गेला?"
अकरा वर्षांत तिनं मला विचारलेलं पहिलंच काही.
"गेला," म्हणालो.
पुढे काही सुचलं नाही.
तीही थांबली नाही.

फाल्गुनात विजयदुर्गाहून पत्र आलं :
जहाजाचा राजा कोण, लिहिणेत आले नाही.
रकाना भरून पाठविणे.
बोरू टोकरला. पुन्हा टोकरला.
शेवटी लिहिलं, चौकशी चालू आहे.
वाळू टाकली, घडी घातली,
आणि घरची वही,
जी त्या रात्री मी उघडलीही नव्हती,
फळीवरून काढून
आणखी वरच्या फळीवर ठेवली.